बंड्या, मी कमानी काढल्या

नागपूर,
तान्हा पोळा

प्रिय बंड्या,

स. न. वि. वि. वगैरे. शिव्या आधी देऊन घे, मग पुढे वाच.

आठ महिन्यांत तुझे सहा फोन मी उचलले नाहीत. पाडव्याचाही नाही. वहिनींनी आमच्या हिला विचारलं म्हणे, "भावजींचं काही बिनसलंय का?" बिनसलं काहीच नाही. अंगणात गाडी उघडी पडली होती आणि तुझ्याशी खोटं बोलणं मला आजवर जमलेलं नाही, म्हणून बोलणंच टाळलं. आत्ताही फोन करता आला असता. पण फोनवर तू वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुला मधे तोंड घालता येत नाही, एवढंच त्यातलं सुख.

तर ऐक. मी आबांच्या गाडीच्या पुढच्या कमानी, चाकांवरच्या त्या पाट्यांच्या स्प्रिंगा, काढल्या.

उठलास ना? बस खाली. पाणी पी. कारण नुसत्या कमानी काढून थांबलो असतो तर पत्र लिहायची पाळी आली नसती, रविवारी दुपारी परत चढवल्या असत्या. मी चासीवरचे, कमानी टांगायचे हँगरही उडवले. रिबिटांची डोकी ग्राइंडरने कापली, छिन्नीने खालचे खुंट पाडले. शेवटचा हँगर सुटून फरशीवर पडला तेव्हा ही आतून ओरडली, "काय पडलं?" मी म्हटलं, काही नाही. त्या दिवसापासून तुझे फोन वाजून राहिले आहेत.

सगळ्यांना सांगितलं की काकूंच्या कंबरेसाठी. तेही अगदीच खोटं नाही. गेल्या वर्षी मार्चमध्ये मृग बहाराच्या तोडीला त्यांना मळ्यात नेलं होतं. काटोलच्या पुढे डांबर आहे तोवर ठीक. ओढ्यापासून विहिरीपर्यंतचा दीड किलोमीटर तुला मी काय सांगू. काकू तक्रार करणाऱ्या नाहीत. समोरचा दांडा धरून नुसत्या "गजानना, गजानना" करत होत्या. मी दोनदा "काय काकू?" म्हणून वळलो. त्या शेगावच्याला बोलावत होत्या, मला नाही.

घरी आल्यावर मोजलं. चासी जॅकवर उचलून कमानीवरचा भार काढला, तर कमान ६० मिलिमीटर सुटली. एवढ्याशा बसकीवर, म्हणजे भाराने दबण्यावर, गाडीचं नाक सेकंदाला दोनदा उसळतं. शिवाय पाटे एकमेकांवर घासणार, म्हणजे छोट्या खड्ड्यात कमान हलतच नाही, अख्खी गाडी काकूंसकट उचलली जाते. हीच बसक १५० मिलिमीटर केली तर उसळणं सेकंदाला सव्वावर येतं. हे आकडे मी हिला समजावून सांगितले. ती म्हणाली, "मग काकूंना आपल्या कारमध्ये का नाही नेत?"

बंड्या, कंबर हे निमित्त होतं. हे मला १९९२ पासून करायचं होतं. मेसमध्ये वरणाची वाटी आपटून तू म्हणाला होतास, "कॉइल स्प्रिंग बाबूलोकांच्या गाडीला. मातीत कमानच." मी म्हटलं, रेंज रोव्हरला १९७० पासून चारही बाजूंना कॉइल आहे आणि एक्सल अखंडच आहे. तू म्हणालास, काटोलात रेंज रोव्हर दाखव, मग बोल. पोट्टे हसले आणि मी हरलो. घे, आता काटोलात जिम्नी दाखवतो. जिप्सीला चारही कोपऱ्यांत कमानी होत्या, जिम्नीला चारही कोपऱ्यांत कॉइल. एक्सल दोन्हीकडे अखंडच. त्या दिवशी तू मुद्द्यावर जिंकला नव्हतास, आवाजावर जिंकला होतास. हे बत्तीस-तेहतीस वर्षं पोटात होतं, आज लिहून टाकलं.

पण तुझ्या बाजूने एक कबूल करतो, हात काळे केल्यावरच कळलं ते. कमान ही एकत्र कुटुंबातली थोरली सून आहे. भार तीच उचलते, एक्सलला पुढेमागे तीच जाऊ देत नाही, आडवंही तीच सरकू देत नाही, आणि कोणी तिचं नाव घेत नाही. कॉइल नुसती उभी राहते. बाकीच्या कामांना माणसं ठेवावी लागतात. पुढेमागेसाठी आर्म, आडव्यासाठी पॅनहार्ड रॉड. मी खाली दोन आणि वर एक असे तीन आर्म घेतले, म्हणजे एक चाक दगडावर चढलं तरी सांध्यांतले बुश पिळवटत नाहीत. प्रत्येकाला ब्रॅकेट, प्रत्येक ब्रॅकेटला कोन, आणि कोनांची आपसात भांडणं. कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसावर वळतं त्याचा मागे कल, वाढवावा तर डिफरन्शियलचा पिनियन खाली तोंड करतो आणि पुढच्या शाफ्टचा क्रॉस कुरकुरतो. पिनियन वर करावा तर कॅस्टर जातो. तू आपल्या कॉलेजच्या, व्हीआरसीईच्या रस्त्यावर हात सोडून सायकल चालवायचास ना, ती करामत तुझी नव्हती, फोर्कच्या कॅस्टरची होती. शेवटी साडेपाच अंशांवर तह झाला. जुना स्टिअरिंग बॉक्सही गेला. पॉवरचा बसवला आणि त्याच्यापासून चाकांकडे जाणारी ड्रॅग लिंक गाडीच्या रुंदीच्या दिशेने घेतली. म्हणजे बघ, गाडीच्या पुढच्या भागात आबांचं म्हणून आता प्यूजोचं इंजिन आणि तो पिवळा दिवा, एवढंच शिल्लक आहे.

स्प्रिंगांची गोष्ट सांगतो, तुला आनंद होईल. हिशेब मीच केला. पुढच्या एका चाकावर ३२५ किलो. १४ मिलिमीटरची तार, मधला व्यास १३०, कामाचे वेढे ८. मिलिमीटरला २१.६ न्यूटन, बसक १४८. एवढं सुंदर उत्तर मला परीक्षेत कधी आलं नव्हतं. हिंगण्याला एका लहान कारखान्यात कागद दिला. त्यांनी वळून, काळा रंग मारून, वर हळदीकुंकू लावून दिल्या. बसवल्या, जॅक सोडला, आणि गाडी पुढून जी बसली ती बसतच गेली. २०० मिलिमीटर! पोळ्याच्या तोरणाखाली बैल मान घालतो तशी. आठवडाभर मी सूत्र तपासलं. गाडी वजनकाट्यावर नेली. रात्री उठून वही उघडत होतो. तार मोजायचं काही सुचलं नाही, कारण कागदावर १४ लिहिलं होतं आणि ते माझ्या हाताने लिहिलं होतं. व्हर्नियर लावला तो पुतण्याने, सहज, खर्रा घोळता घोळता. तेरा.

व्यासाचा चौथा घात, बंड्या. एक मिलिमीटर गेला आणि कडकपणा पाऊण राहिला. मेट्रॉलॉजीच्या, म्हणजे मोजमापाच्या, लॅबमध्ये मी दोनदा का लटकलो होतो, ते सरांना आता कळवायला हवं. कारखानेवाल्याने कुरकुर न करता दुसऱ्या वळून दिल्या. पहिल्या दोन गच्चीवर आहेत. ही त्यात मोगऱ्याची कुंडी ठेवून राहिली आहे.

हे सगळं ठीक. हसण्यावारी नेता येतं. जे नेता येत नाही ते पुढे.

जुलैच्या शेवटी गाडी चाकांवर आली. पावसाने दोन दिवस उघडीप दिली होती. बेसाच्या मागे एक रिकामं लेआउट आहे, रस्ते आखलेले, घर एक नाही. तिथे नेली. पुतण्या शेजारी. बंड्या, काय सांगू, तिसऱ्या गिअरमध्ये मातीच्या रस्त्यावरून ती अशी गेली की मला आबांना हाक मारावीशी वाटली. खड्डा दिसायचा, चाक जायचं, आणि सीटपर्यंत काही पोचायचंच नाही. पुतण्या म्हणाला, "काका, लोणी." मी ४० वर घेतली. समोर पाण्यासाठी काढलेला एक बांध होता, वीतभर. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी सरळ, घट्ट धरलेलं. पुढची चाकं बांधावर चढली आणि आपल्या मर्जीने उजवीकडे वळली. स्टिअरिंग माझ्या हातात सरळच. प्लॉट नंबर कोरलेला एक दगड आम्ही पाडला आणि तुरीत जाऊन थांबलो. लागलं कोणालाच नाही. पण उतरलो तेव्हा माझे पाय थरथरत होते. पुतण्या हसत होता, ते मला जास्त लागलं. त्या सीटवर काकू बसणार होत्या.

कारण तुला एव्हाना कळलं असेल. मला कळायला रात्र लागली. पॅनहार्ड डिफरन्शियलच्या वरून जावा म्हणून एक्सलकडचा त्याचा ब्रॅकेट मी ९० मिलिमीटर उंच घेतला होता. त्यामुळे पॅनहार्ड चार अंशांत जवळजवळ आडवा आणि ड्रॅग लिंक साडेदहा अंशांत तिरकी. लांबी दोघांची ८००. चाक ८० मिलिमीटर वर गेलं की पॅनहार्ड एक्सलला २ मिलिमीटर सरकवतो आणि ड्रॅग लिंक स्टिअरिंगचा आर्म ११ मिलिमीटर ढकलते. मधले ९ जातात कुठे? चाकं वळवण्यात. सव्वातीन-साडेतीन अंश, ड्रायव्हरला न विचारता. दोन्ही रॉड समांतर आणि सारख्या लांबीचे हवेत, हे मला पाठ होतं रे. परीक्षेत लिहिलंही असतं. ब्रॅकेट टॅक मारताना समोर डिफरन्शियल दिसत होता, आणि जे दिसतं त्यालाच माणूस घाबरतो.

त्या रात्री मी ठरवलं, पुरे. कमानी परत लावायच्या. नवे हँगर बनवायचे, बोल्टने बसवायचे, आणि तुला कधी सांगायचंच नाही. कमानींचे दोन्ही जुडगे मागच्या भिंतीशी गोणपाटात बांधून ठेवले होते. गेल्या रविवारी डावा जुडगा काढला, गंज साफ करायला सेंटर बोल्ट सोडला आणि पाटे वेगळे केले.

पाटा मोडला ती देवलापारच्या नाल्यातली रात्र आठव. तो दोन वाजताचा कामठी रोडचा कमानीवाला आठव, माझं गहाण पडलेलं घड्याळ आठव. त्याने काय घातलं होतं आत? मॅटॅडोरचा पाटा. रुंदीला कमी, वाक वेगळा, "चालते भाऊ, बिनधास्त" म्हणून ठोकून दिलेला. आणि आपण संक्रांतीच्या पहाटे गाडी चिखलासकट धुऊन वाड्यात लावली आणि तिळगूळ खायला बसलो, अंगात ताप असल्यासारखे.

आत मॅटॅडोरचा पाटा नाही. सगळे पाटे एका मापाचे, एका वाकाचे. उजवा जुडगाही सोडला, तोही तसाच, जोडीचा. आणि डावीकडच्या दुसऱ्या पाट्याच्या पोटावर, ग्रीसखाली, पंचने ठोकलेलं: १७-१-९३.

आबांची ती खोड आठवते ना? मोटर उघडली की तारीख, पंप उघडला की तारीख, विहिरीच्या काठावरसुद्धा तारीख. तिसऱ्या दिवशी, बंड्या. आपण हॉस्टेलवर परत गेलो आणि आबांनी गाडी उघडली. दोन्ही बाजू नव्या केल्या, कारण एकच बाजू नवी केली तर गाडी तिरकी उभी राहते. त्यांना तेव्हा तेवढे पैसे कुठून आले असतील, मला माहीत नाही. त्या वर्षी संत्र्याचं काय झालं होतं तुला माहीत आहे.

आणि किल्ली? किल्ली तर ते नंतरही देत राहिले. मला सगळ्यात जास्त काय आठवून राहिलं सांगू? त्याच उन्हाळ्यात ओसरीवर, पेपरमधून मान वर न काढता त्यांनी विचारलेलं: "आता ओढत नाही ना रे गाडी डावीकडे?" आणि आपण दोघं एका सुरात, "नाही आबा." त्या "आता"कडे आपलं लक्षच गेलं नाही. दोन भावी इंजिनिअर!

मी त्या गोणपाटावर अर्धा तास बसून होतो. ही चहा घेऊन आली, पाट्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काही न विचारता चहा ठेवून गेली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. हे हिला सांगून कळलं नसतं. पुतण्याला तर नाहीच. म्हणून पत्र.

आता माझी पंचाईत बघ. कमानी परत लावाव्यात तर आबांच्या हातच्या, तारखेच्या कमानी परत जागेवर जातील. मनाला बरं वाटेल. पण ते हँगर मीच कापलेत, नवे काही त्यांचे नसतील. कॉइलवरच पुढे जावं तर आबांनी नीट केलेलं मी मोडलं, आणि मोडलं ते लपवून. आपली जुनीच सवय. रोज रात्री एक ठरवतो, सकाळी दुसरं. तुला विचारलं असतं तर तू "कमानच" म्हणाला असतास, म्हणून विचारलं नाही. आता विचारतो आहे, तर उत्तराची भीती वाटते.

त्यातच परवा वेल्डिंगवाले चाचा येऊन गेले. मी त्यांना रडकथा सांगितली की पॅनहार्ड खाली घ्यायला डिफरन्शियल आडवा येतो. त्यांनी खिशातून सुतळी काढली, एक टोक चासीच्या बोल्टवर, दुसरं एक्सलकडे जिथे नवा बोल्ट यायला हवा तिथे. सुतळी डिफरन्शियलला घासत होती. म्हणाले, "साहेब, सुतळी सरळ पाहिजे. रॉड कुठून बी जाऊ द्या ना, वाकडा चालते." झालं. दोन बोल्टांच्या मधली रेघ तेवढी ड्रॅग लिंकला समांतर हवी. रॉड वरून वळसा घालून गेला तरी त्या रेघेला फरक पडत नाही. फक्त वाकवलेला रॉड दाबाखाली आणखी वाकायला बघतो, म्हणून नळी जाड भिंतीची घ्यायची. हे तू मला एका मिनिटात सांगितलं असतंस, हे मला ठाऊक आहे. पण तू ते सांगून पुढची वीस वर्षं ऐकवलंही असतंस. चाचा खर्रा थुंकले आणि गेले.

नळी आणून ठेवली आहे. पण काल पोळा, आज तान्हा पोळा आणि मारबत, इतवारीकडे पाय ठेवायला जागा नाही आणि चाचांची पोरं मिरवणुकीत बडग्याच्या पुतळ्यामागे नाचून राहिली आहेत. गल्लीतून ओरडत गेली मघाशी, "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत." मला वाटलं, त्या तेरा मिलिमीटरच्या स्प्रिंगाही देऊन टाकाव्या होत्या.

आणि कलम ५२ मला सांगू नको. मोटार वाहन कायदा मलाही वाचता येतो. कंपनीने केलेली गाडी अशी बदलून रस्त्यावर आणता येत नाही. विमावाल्यांचं तर बोलूच नको. म्हणून ही आता मळ्यातच चालणार. इथून काटोलपर्यंत ट्रकवर टाकून न्यायची. म्हणजे काय होणार, ते हिने कालच हसत सांगितलं: काकू साठ किलोमीटर आमच्या कारमध्ये बसून येणार आणि शेवटच्या दीड किलोमीटरसाठी मी त्यांना उतरवून या गाडीत बसवणार. आठ महिने, तीन आर्म, चार स्प्रिंगा. हस. मीही हसलो.

बाकी ठीक. माझी शुगर आहे तिथेच आहे, गोळी घेतो, चालायला जात नाही. तुझ्या गुडघ्याचं कळलं. उगाच ऑपरेशनची घाई करू नको, किंवा कर, डॉक्टर सांगेल ते. लेकीला जर्मनीत प्रवेश मिळाला ते वहिनींच्या स्टेटसवर बघितलं. खूप आनंद झाला, खरंच. तेव्हाच फोन करायला हवा होता. चाकणचं तुझं काम संपत आलं का? निवृत्तीनंतर इकडे येणार म्हणाला होतास, ते अजून खरं आहे की पुणेकर झालास? हो, आणि १९९८ चे माझे दोन हजार, ते आता सोड. व्याज मात्र तर्री-पोह्यांत घेईन.

काकूंचा मंगळवारी फोन आला होता. आंब्या बहार बरा आहे म्हणाल्या, फळ टिकलंय. मग म्हणाल्या, "गज्या, आबांची गाडी कधी आणतोस?" मी दसऱ्याला म्हणून बसलो. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून पुजायची, हे आबांचं होतं; आता काकू करतात. त्या हार घालायला पुढे वाकतील आणि कमानींच्या जागी त्यांना दोन काळ्या स्प्रिंगा दिसतील. त्यांना गाडीतलं कळत नाही असं तू समजतोस. मला नाही तसं वाटत. ती १७ तारीख त्यांनाही माहीत असणार.

तू दसऱ्याला ये. रजा नाही, गुडघा आहे, हे काही सांगू नको. रॉड तोवर बसेल. लेआउटमध्ये त्याच बांधावरून आधी तू चालवायची. तुझ्या हातात चाकं सरळ राहिली तर कॉइल, नाही तर कमानी, मी एक शब्द बोलणार नाही. आणि काकूंना तू सांग. सगळंच सांग, देवलापारपासून. मला जमणार नाही.

तुझा,
गज्या

ता. क. : मॅटॅडोरचा तो पाटा काही सापडला नाही. आबा लोखंड टाकणाऱ्यातले नव्हते. मळ्यातल्या मोटरच्या खोलीला बाहेरून जो लोखंडी अडसर आहे, किंचित वाकडा, कधीच नीट बसत नाही म्हणून आपण ज्याला शिव्या घालत आलो, तो कुठून आला रे? दसऱ्याला येताना व्हर्नियर घेऊन ये. माझ्यावर भरवसा नको.